आमचं पाणी शुद्धच आहे

४ मे, रविवार

साडू सहकुटुंब जेवायला आला. जेवला. जाताना माझा रविवार घेऊन गेला.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आयुष्यभर बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघितलं, त्यामुळे जगातलं सगळं पाणी आपल्याला विचारून वाहतं अशी समजूत. आज ताटावर बसल्या बसल्या त्याला खिडकीतून खाली उभी असलेली माझी खिडक्या धुण्याच्या धंद्याची व्हॅन दिसली. विचारलं, आतली टाकी भरलेली असते का? म्हटलं, असते. अशी उन्हातच? म्हटलं, मग काय बेडरूममध्ये आणून ठेवू?

झालं. हातातला घास खाली ठेवून सुरू. म्हणे, कोमट पाणी साठून राहिलं की त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासाबरोबर छातीत गेले की न्यूमोनिया. साधासुधा नाही, माणूस जाऊ शकतो. खिडक्या धुणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं.

मी वाद घातला नाही. उठलो, खाली गेलो, टाकीतलं पाणी वाटीत काढून आणलं, पाण्याची शुद्धता बघायचा मीटर बुडवला आणि साडूच्या नाकासमोर धरला. शून्य! विकतच्या बाटलीतल्या पाण्याचं रीडिंग असं येत नाही. माझं येतं.

साडू हसला. तो हसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणे, हा मीटर क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. उलट तुमच्या फिल्टरने क्लोरीनसुद्धा काढून टाकलंय, म्हणजे जंतूंना मोकळं रान.

ही लगेच म्हणाली, "भावोजी सांगतायत तर एकदा टाकी धुऊन घ्या ना."

माझ्या घरात, माझ्या ताटावर, माझी बायको. आणि भावोजींनी वर दोनदा वाढून घेतलं.

संकल्प: उद्यापासून साडू हा विषय डोक्यात आणायचा नाही.

५ मे, सोमवार

उठल्याउठल्या साडू डोक्यात. दात घासताना चूळ भरली तरी वाटलं, हा बघतोय.

एकदा सगळं कागदावर मांडून ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल. आपल्या कामात काय होतं? नळाचं पाणी फिल्टरमधून टाकीत. टाकीतून पंपाने लांब नळीत. नळीतून पोलमध्ये, म्हणजे लांबलचक पोकळ दांड्यात, आणि पोलच्या टोकाला ब्रश, त्यातून पाणी उडतं. जमिनीवर उभं राहून चौथ्या मजल्याची काच धुता येते. पाण्यात क्षारच नाहीत म्हणून डाग पडत नाहीत, पुसावं लागत नाही, काच आपली आपण वाळते. हे पाणी इतकं शुद्ध आहे. आता इतक्या शुद्ध पाण्यात जंतू खाणार काय? उपाशी मरतील. हे साडूला रविवारी सुचायला हवं होतं. म्हणजे मला.

लांब्याला सांगितलं. लांब्या माझा शाळेपासूनचा दोस्त आणि आता माझ्याकडे कामाला. उंच, सडपातळ, शाळेत शेवटच्या बाकावर बसूनही डोकं सगळ्यांच्या वर दिसायचं. तो पोल धरतो, मी धंदा धरतो. मला वाटलं, ऐकून तो हसेल. तर सिगारेट विझवून म्हणाला, "साडू बरोबर बोलतोय की नाही मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात तू सुट्टीवर जायच्या आधी टाकी रिकामी करून टाकू या का?"

एवढं गाळून गाळून शुद्ध केलेलं पाणी गटारात ओतायचं! याला काय वाटतं, ते आकाशातून पडतं? बोललो त्याला. थोडं जास्त बोललो. त्याने ऐकून घेतलं. तो ऐकून घेतो, तेही चीड आणणारंच आहे.

८ मे, गुरुवार

वृद्धाश्रमाचं काम. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तीन बाजूंनी खिडक्याच खिडक्या. आज मॅनेजरबाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हटलं, कौतुक असणार. तर विचारतात, तुम्ही टाकी आणि नळ्या केव्हा केव्हा धुता? आमच्याकडे सगळे म्हातारे, छातीचे अशक्त, जपावं लागतं, वगैरे.

तळपायाची आग मस्तकात. पण धंदा आहे. मी हसलो. बाईंना खाली नेलं, टाकीचं पाणी ग्लासात घेतलं आणि त्यांच्यासमोर घटाघटा प्यायलो. दोन आजोबा बाकावर बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ठसका लागला, पण तो आनंदाचा.

बाई म्हणाल्या, "पिऊन काय कळणार? धोका श्वासातून आत जाण्याचा असतो ना?"

साडू यांनाही भेटलेला दिसतोय.

मी शब्द दिला: टाकी दर आठवड्याला धुतो. खोटं नाही हे. धुवायची हे माझ्या मनात दर आठवड्याला येतंच.

लांब्या नळी गुंडाळत होता. मान वर केली नाही.

१० मे, शनिवार

उद्यापासून आठवडाभर सुट्टी. ही मागे लागली होती म्हणून डोंगरात. व्हॅन नेहमीच्या जागी लावली. सावलीची जागा वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टने बळकावली. त्याच्या गाडीत काय दात वितळतात? बोललो. तो म्हणाला, मीही भाडं भरतो.

टाकी भरलेली आहे. आल्या आल्या काम सुरू. याला म्हणतात प्लॅनिंग.

१९ मे, सोमवार

सुट्टी चांगली झाली म्हणायची. हॉटेलात शॉवर घेताना हिने विचारलं, या शॉवरचं पाणी पण साठलेलंच असेल का हो? एकदा विषयाने माणसाला पछाडलं की सुट्टी म्हणून काही उरत नाही.

आज वृद्धाश्रमात काम. आणि एक अद्भुत शोध! उन्हाने टाकीतलं पाणी आयतं गरम झालेलं. लोक हीटर बसवतात, मला सूर्याने फुकट दिलं. गरम पाण्याने घाण झपाट्याने निघते. लांब्याला म्हटलं, बघ, नुसतं ठेवून दिलं तरी माझ्याकडे प्रगती होते.

लांब्या म्हणाला, वास येतोय. म्हटलं, तुझ्या सिगारेटचा. म्हणाला, ब्रशमधून हिरवट चिकट धागा निघाला. म्हटलं, ब्रशचा केस असेल. केस हिरवा नसतो म्हणाला. याला वादच घालायचा असतो.

वारा उलटा होता. तुषार परत खाली येत होते. लांब्या दिवसभर त्यात उभा, शर्ट भिजलेला, भुवयांवर थेंब. मी आत होतो. गिऱ्हाइकाशी संबंध राखणं हेही काम आहे आणि ते मला एकट्याला करावं लागतं. आजोबांबरोबर पत्ते खेळलो. खिडक्या बंद होत्या, ही मात्र मॅनेजरबाईंची कृपा. धुताना खिडकी उघडायची नाही असा त्यांचा नियम. आतमध्ये घुसमटत होतं, तेव्हा मनातल्या मनात त्यांनाही बोललो.

संध्याकाळी लांब्याने पुन्हा टाकीचं काढलं. म्हटलं, रविवारी बघू.

२५ मे, रविवार

टाकी धुवायची होती. ऊन फार. पुढच्या रविवारी नक्की.

२६ मे, सोमवार

लांब्या आला नाही. फोन त्याच्या बायकोने केला. ताप आहे, डोकं भयंकर दुखतंय, अंग मोडून आलंय. सोमवारीच बरं मोडतं अंग.

एवढ्या वर्षांत हा कधी आजारी पडला नाही, आणि आज पडला, जेव्हा बँकेची आख्खी इमारत आहे. मी मेसेज केला: "कामाचा कंटाळा आला असेल तर सरळ सांग, ताप कशाला आणतोस?" थोडा कडक झाला. पण मालकाला कडक व्हावं लागतं. पाठवल्यावर वाटलं शेवटी एक हसरा चेहरा टाकायला हवा होता. मग वाटलं, कशाला?

उत्तर नाही. उर्मट.

२७ मे, मंगळवार

लांब्या नाही म्हणून काय अडतं? बँकेची इमारत मी एकट्याने करायची ठरवली. पोल धरणं ही काही विद्या नव्हे.

पोल तिसऱ्या मजल्यापर्यंत नेला. तिथून पुढे पोल मला नेऊ लागला. एका बाईने नेमकी तेव्हाच खिडकी उघडली. तिच्या टेबलावर जे काही होतं त्याला आंघोळ. ती ओरडली. मी वर बघून ओरडलो की खिडक्या धुवायच्या दिवशी खिडकी उघडतात का. तेवढ्यात नळी एका उभ्या मोटारसायकलीत अडकली, मी ओढली, ती पडली. मोटारसायकल वॉचमनची. वॉचमन धिप्पाड.

हे सगळं लांब्यामुळे. मान दुखतेय. माझ्याही अंगावर उडालं ते हेच पाणी. आणि मी ठणठणीत! ही गोष्ट लिहून ठेवतो. याच्याइतका पुरावा साडूकडे नाही.

२९ मे, गुरुवार

ही संध्याकाळी लांब्याकडे जाऊन आली. म्हणाली, बडबडतोय, मुलीला ओळखलं नाही, दम लागतोय. हिने आणि त्याच्या बायकोने मिळून त्याला हॉस्पिटलात नेलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया.

न्यूमोनिया हा शब्द हिने माझ्याकडे बघून उच्चारला. मी म्हटलं, सिगारेट. आणि त्याच्या घरातला तो जुना एसी. एसीत काय काय साठतं माहीत आहे का? ही सिंककडे वळली. भांडी घासत राहिली. भांडी आवाज करून घासायची तिची पद्धत आहे.

लांब्याने सिगारेट सोडायला हवी होती. मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. निदान सांगायचं मनात आणलं असेल.

३० मे, शुक्रवार

हॉस्पिटलात गेलो. आयसीयूच्या काचेतून लांब्या दिसला. पलंग त्याला आखूड पडतो, पाय बाहेर. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. छाती भात्यासारखी. मला बघून काही केलं नाही. मला बघितलं नसावं.

काच बाहेरून डागाळलेली होती. कोण धुतो यांच्या काचा देव जाणे.

डॉक्टर एक तरुण मुलगी. लांब्याच्या बायकोने माझी ओळख करून दिली, हे मालक. डॉक्टर म्हणाली, औषध सुरू आहे पण हवा तसा उतार नाही. हे काम काय करतात?

म्हटलं, "खिडक्यांच्या काचा स्वच्छ करतो. माझ्या कंपनीत."

"साठवलेल्या पाण्याशी संबंध येतो का? टाकी, फवारा, असं काही?"

वहिनी, म्हणजे लांब्याची बायको, माझ्याकडे बघत होती. दोन रात्री झोपलेली नसावी. मी म्हटलं, "नळाचं पाणी असतं."

"नक्की? सरळ नळाचं?"

"नळाचंच."

यात काय खोटं आहे? टाकीत पाणी येतं ते नळातूनच येतं. नदीतून कोण आणतो? आणि तिला खरंच महत्त्वाचं वाटलं असतं तर तिने आणखी खोदून विचारलं असतं. तिने मान हलवली आणि निघून गेली. एवढं शिकून एका उत्तरावर गप्प बसायचं. कसले हे डॉक्टर! माझा संताप संताप झाला. येताना रिसेप्शनवर तक्रार करणार होतो, पण काय तक्रार करायची ते नीट मांडता येईना.

घरी आलो. ही म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले? म्हटलं, औषध चालू आहे.

जेवलो नाही. भूक होती. तरी.

३१ मे, शनिवार

आज टाकी धुतली. बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, आज सवड मिळाली. पहाटेच उठलो, गर्दी नको म्हणून.

तळाचा नळ उघडला. आधी पाणी आलं, मग पिवळट पाणी, मग काहीतरी आलं. बोट फिरवलं तर बुळबुळीत थर. शेवाळच म्हणायचं. शेवाळ हे निसर्गात सगळीकडे असतं.

वर बघितलं तर ही बाल्कनीत. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. खाली आली, घरातल्या चपला घालूनच.

"हे आजच का धुताय?"

म्हटलं, बरेच दिवस मनात होतं.

"डॉक्टरांना टाकीचं सांगितलंत ना?"

म्हटलं, त्यांनी टाकीचं विचारलंच नाही.

ही म्हणाली, "वहिनींनी मला काल रात्रीच फोनवर सांगितलं. टाकी आहे का असं विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, नळाचं पाणी."

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहायची गरज नाही. दूधवाला थांबला, डेंटिस्टची खिडकी उघडली. मी म्हणालो, मी धंदा उभा केला, मी राबतो, आणि तू मला उलटतपासणीला उभं करतेस? तुझ्या त्या साडूच्या— माझ्या साडूच्या नादाने?

ही वळली. वर गेली, रिकामी बाटली घेऊन आली, माझ्या हाताखालून वाहणाऱ्या त्या पिवळट पाण्याखाली धरली, भरली, झाकण लावलं. मग मोबाइल काढून साडूला फोन लावला, आणि टॅक्सी थांबवून निघून गेली. घरातल्याच चपलांत.

नवऱ्याला न विचारता. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मला आज कळलं की माझ्या घरात शिस्त नाही.

टाकी लख्ख घासली. मीटर लावला. शून्य.

१ जून, रविवार

ही काल आली नाही. बहिणीकडे आहे. साडूच्या घरी! माझ्या बायकोला आसरा देऊन त्याला धन्य वाटत असेल.

फोन साडूचाच आला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. शांतपणे सांगितलं की हिने डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी लघवीची तपासणी केली, तोच जिवाणू निघाला. औषध बदललंय. आता वाट बघायची. मग म्हणाला, "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाल्या."

मी म्हटलं, हा मला टोमणा आहे का?

साडू म्हणाला, "नाही. मी नुसतं सांगतोय."

नुसतं! या माणसाने आयुष्यात कधी काही नुसतं सांगितलेलं नाही.

बिस्किटं खाल्ली. गॅस पेटवायचं लायटर सापडलं नाही.

३ जून, मंगळवार

आरोग्य खात्याची बाई आली. हातमोजे, पिशवी, छोट्या नळकांड्या. मी तयारच होतो. टाकी उघडून दाखवली, आरसा! म्हटलं, बघा, तोंड बघून घ्या. तिने बघितलं. म्हणाली, टाकी छान धुतलीये, कधी धुतली? म्हटलं, नियमित.

"आणि नळी?"

नळीचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. साडूसुद्धा त्या रविवारी फक्त टाकीबद्दल बोलला. अर्धवट माहिती द्यायची आणि मग माणसाला तोंडघशी पाडायचं.

तिने नळीच्या आतून काडीला कापूस गुंडाळून फिरवला. ब्रशमधून फिरवला. कापूस जसा बाहेर आला तसा मी तिकडे बघणं बंद केलं. तिने विचारलं, गेल्या काही आठवड्यांत कुठे कुठे काम केलं? सांगितलं. सांगावंच लागलं.

दुपारी मॅनेजरबाईंचा फोन. आश्रमात प्रत्येकाचा ताप मोजताहेत, सकाळ-संध्याकाळ. ज्या आजोबांबरोबर मी पत्ते खेळलो त्यांना खोकला आहे. बाई म्हणाल्या, "तुम्ही मला शब्द दिला होता." मी सांगायला लागलो की शब्दाचा अर्थ समजून घ्यावा लागतो. त्यांनी फोन ठेवला. धंद्यात कोणी असं मध्येच फोन ठेवतं का?

कोणाला म्हातारपणात खोकला नसतो? खोकला म्हणजे लगेच काय?

झोप नाही.

५ जून, गुरुवार

आजोबांचा खोकला जुना आहे. तपासणीत काही नाही. आश्रमात कोणालाच काही नाही.

बघा! हे कोणी मला मुद्दाम फोन करून सांगितलं नाही. मीच तिथे गेलो, गेटवर वॉचमनने सांगितलं. आत सोडलं नाही. खूप वेळ गेटपाशी उभा राहून मी त्याच्यावर चिडत होतो. तो म्हणाला, साहेब, चांगलीच बातमी दिली ना मी, मग चिडता कशाला?

बिनडोक.

१२ जून, गुरुवार

रिपोर्ट आला. जिवाणू टाकीत थोडे, नळीत भरपूर, ब्रशमध्ये विचारू नका. लांब्याच्या तपासणीत सापडलेलेच. नळी, ब्रश, फिल्टर सगळं टाकून द्यायचं. व्हॅन पुढची परवानगी मिळेपर्यंत बंद. आश्रमाने काम दुसऱ्याला दिलं. बँकेनेही. बँकेचं कारण मोटारसायकल.

पहिला विचार आला, प्रयोगशाळेत घोटाळा केलाय, साडूने. तोंडावर विचारायचं ठरवून फोन लावला. तर म्हणे, नातं आहे म्हणून नमुने त्याने हातातच घेतले नाहीत, दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवायला लावले. मुद्दाम! म्हणजे मला काही बोलायला जागा राहू नये.

ही परत आली आहे. स्वयंपाक करते, विचारलं तेवढं बोलते. रोज डबा घेऊन हॉस्पिटलात जाते. माझ्यासाठी टेबलावर झाकून ठेवते.

संकल्प: धंदा नव्याने उभा करायचा. लांब्या कामावर आला की दोघं मिळून नवीन नळी, सगळं पहिल्यापासून. लांब्याशिवाय पोल धरणार कोण? मागचं सगळं मी विसरायला तयार आहे. मी मनात काही ठेवणारा माणूस नाही.

१४ जून, शनिवार

लांब्या आयसीयूतून बाहेर. ही म्हणाली, आज दोन घास खाल्ले. म्हणाली आणि ओट्याकडे तोंड करून रडली.

मी बाथरूममध्ये गेलो. नळ सोडून ठेवला. बराच वेळ. नंतर ही म्हणाली, पाणी वाया घालवू नका. बोलायला लागली, हे एक बरं झालं.

२१ जून, शनिवार

लांब्या घरी आला आहे. उद्या जाणार. काय बोलायचं ते ठरवून टाकलं. एक: सिगारेट बंद. दोन: महिन्याभरात कामावर हजर व्हायचं, पगार चालू राहील. तीन: मेसेजचा विषय त्यानेच काढला तर म्हणायचं, गंमत होती. आणि कोणीही मला दोष देणारं काही बोललं तर मी उठून चालू लागेन. ऐकून घेणार नाही. खूप ऐकलं.

फळं न्यायची की नाही ठरत नाही. फळं नेली तर चूक कबूल केल्यासारखं दिसतं.

२२ जून, रविवार

फळं नेली.

दार वहिनींनी उघडलं. या म्हणाल्या. पिशवी घेतली.

लांब्या खिडकीपाशी खुर्चीत. ओळखू येईना. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. पायावर शाल, या उकाड्यात. उभा राहायला गेला, जमलं नाही, परत बसला. आवाज घोगरा, आयसीयूत श्वासाची नळी घातली होती ना घशात.

मी म्हटलं, सिगारेट. तो म्हणाला, सुटली. म्हटलं, कामाचं काय? तो म्हणाला, डॉक्टर म्हणतात सहा महिने जिना चढायचा नाही. त्यानंतरचं बघू. पण पोल नाही धरणार आता.

मी रागवायला सुरुवात करणार होतो. तो बोलायला लागला म्हणून थांबलो.

तो म्हणाला, "एक विचारू? त्या डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा तू का नाही सांगितलंस?"

चिडून विचारलं नाही. शाळेत गणित अडलं की विचारायचा, तसं.

मी म्हटलं, विसरलो.

त्याने शाल गुडघ्यांवर ओढून घेतली. मग खिडकीबाहेर बघायला लागला. मीही बघितलं. बाहेर काही नव्हतं. समोरच्या इमारतीची भिंत.

वहिनींनी चहा आणला. साखर नव्हती. तसाच प्यायलो.